उसनी मायबोली

आमच्या गावाच्या वेशीवर आता दोन नावांची पाटी आहे. वर मोठ्या अक्षरांत जर्मन नाव, एर्लेनडॉर्फ. खाली वेंडी नाव, वोल्शिन्का. सरकारनं मोठ्या मानानं बसवली. उन्हाळ्यात बर्लिनचे लोक येतात, तिला सायकली टेकवून फोटो काढतात. एकदा त्यांच्यातल्या एका बाईनं मला थांबवलं.

"आजी, हे खालचं कसं हो म्हणायचं?"

मी म्हणून दाखवलं.

"किती गोड! आणि ही भाषा इथं कोण बोलतं?"

"मी."

"आणखी?"

मी म्हटलं, पावाची गाडी निघून जाईल, आणि चालायला लागले.

दोन्ही नावांचा अर्थ एकच. ओल्या जमिनीत, ओढ्याकाठी जी झाडं वाढतात त्यांच्यावरून पडलेलं नाव. वेंडी लोक पूर्वेकडून आले तेव्हा इथं नुसती दलदल होती. त्यांनी चर खणले, चरांमधल्या उंचवट्यांवर लाकडी घरं बांधली, गवताच्या गंज्या रचल्या. जर्मन सरदार मागाहून आले, चर्च आलं, सारा आला. भाषा मात्र राहिली. गाई वेंडीत हाकायच्या, देवाला वेंडीत आळवायचं आणि सारा तेवढा जर्मनमध्ये भरायचा, असं मला वाढवणारी वोर्शामावशी सांगायची. पुस्तकांत या लोकांना सोर्ब म्हणतात. आमच्याकडे वेंडीच म्हणायचे. कुणी अभिमानानं, कुणी थुंकल्यासारखं.

मग नाझी आले. वेंडीत प्रवचन करणाऱ्या पाद्रीबाबांची लांब बदली झाली. शाळेत नवा मास्तर आला. गावाचं जुनं नाव कागदोपत्री पुसलं आणि एर्लेनडॉर्फ हे कोरं करकरीत नाव चिकटवलं. लढाई संपली तरी ते तसंच राहिलं. नाव बदलून घेण्याइतकी उसंत कुणाला होती?

हे मी सगळं माझ्या गावाचं म्हणून सांगते. पण मी या गावची नाही.

मी पूर्वेकडच्या सायलेसियातली, तिथली जर्मन. वेंडी रक्ताचा थेंबही माझ्यात नाही. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात रशियन फौजा जवळ आल्या तसं आम्ही घर सोडलं. आई, मी आणि एक हातगाडी. आई वाटेत एका कोठारात तापानं गेली. बरोबरच्या बायकांनी मला गाडीवर घातलं आणि उन्हाळ्यात इथवर आणलं. गावच्या मुखियानं आम्हा निर्वासितांना चर्चसमोर ओळीत उभं केलं आणि घरटी माणसं वाटायला सुरुवात केली. धडधाकट पुरुष आधी गेले, मग कामाच्या बायका. मी सात वर्षांची. डोक्यात उवा, पायात दोन वेगवेगळे जोडे. मला कोण घेणार?

गर्दीतून एक बाई पुढे आली. निळ्या छापाचा घेरदार झगा, डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली, "ही बारकी मला. खाईल कमी."

"वोर्शा, कमी नाही हो खाणार," मुखिया म्हणाला. "उपाशी पोरं जास्त खातात."

"मग जास्त खाईल."

मी रडायला लागले तशी तिनं फडक्याच्या टोकानं माझं नाक पुसलं. तिची मुलगी पावलिना शेजारीच उभी होती, चौदा वर्षांची, केसांची वेणी शहरी पद्धतीनं वळवलेली. ती आईला जर्मनमध्ये म्हणाली, "आपल्यालाच बटाटे पुरत नाहीत, आणि ही कशाला?" आई तिला वेंडीत काहीतरी बोलली. पावलिनानं मान फिरवली. माझं नाव रोसविता. वोर्शामावशीच्या तोंडी ते बसेना, म्हणून मी त्या दिवसापासून रोझा झाले.

मावशीचा नवरा जर्मन गणवेशात रशियात मेला होता. तिला जर्मन यायचं ते बाजारापुरतं. रागवायला, लाड करायला, रडायला तिच्याजवळ वेंडीच होती. म्हणून ती माझ्याशी वेंडी बोलायची. मला शिकवावी वगैरे तिच्या मनातही नव्हतं. विहिरीत एकच बादली असली की तीच सोडतात, तसं ते.

तरी एक गोष्ट तिनं शिकवली. जवसाच्या शेतात बेणायला गेलो की ती म्हणायची, "भर दुपारी शेतात थांबू नये. दुपारची बाई येते. हातात विळा असतो. घंटाभर जवसाबद्दल बोलत राहिलं तर सोडते, नाहीतर मुंडकं उडवते."

"मी जर्मनमध्ये सांगेन," मी म्हटलं.

"तिला कुठलं जर्मन! ती या मातीतली आहे."

मग काय, जीव वाचवायचा म्हणून मी पाठ केलं. जवस कसा पेरायचा, कापायचा नाही तर मुळासकट उपटायचा, पाण्यात कुजवायचा, वाळवायचा, कुटायचा, विंचरायचा, त्याचं सूत कातायचं, कापड विणायचं. वर्षभरात मी इतकी बोलायला लागले की मावशी म्हणायची, "आता दुपारची बाईच कंटाळून पळेल."

पावलिनाला हे बघवायचं नाही. शाळेत त्या नव्या मास्तरानं तिच्या तोंडातून वेंडी शब्द निघाला की तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. इतर पोरं मागून तिला 'दलदलीतली बेडकी' म्हणून चिडवायची. ती आईशी जर्मनमध्ये बोलायची, आई तिला वेंडीत उत्तर द्यायची. चहूबाजूंनी चर असलेल्या त्या घरात दोघी एकमेकींशी असं पलीकडच्या काठावरून बोलायच्या, आणि मी मधोमध, दोन्हीकडचं समजणारी. सोळाव्या वर्षी ती कॉटबुस शहरात कापडाच्या गिरणीत कामाला गेली. तिथं तिनं नाव पाउला करून घेतलं.

तिचं लग्न ठरलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. मुलगा रेल्वेत होता, वेर्नर नावाचा, जर्मन. लग्नाच्या आठवडाभर आधी ती घरी आली. मला गुरं राखायला पाठवलं. परत येताना खिडकीतून तिचा आवाज ऐकू आला.

"आई, त्या टोपीत येऊ नकोस. एवढंच मागते. त्याच्या घरचे हसतील."

मावशी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

लग्नाच्या सकाळी मावशी पहाटे उठली. तिनं सणाचा पोशाख चढवला. सगळे परकर, रेशमी भरतकामाचा शेला, आणि डोक्यावर ती पंखांसारखी पसरलेली मोठी टोपी, जिच्यात दारातून जाताना मान वाकवावी लागते. मग शेगडीजवळच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसली. मी म्हटलं, "मावशी, गाडी चुकेल." ती म्हणाली, "हं." लांबून आगगाडीची शिट्टी ऐकू आली. मावशी उठली, टाचण्या एकेक करून काढल्या, टोपी खोक्यात ठेवली, आणि बदकांना दाणे घालायला बाहेर गेली.

त्यानंतर पावलिना यायची ती वर्षातून एकदा, नाताळच्या पुढेमागे. मुलगा टॉर्स्टेन झाला, त्याला घेऊन यायची. त्याला आजीचं बोलणं कळायचं नाही. "आई, ही काय म्हणते?" असं तो विचारायचा, तर पावलिना म्हणायची, "काही नाही, म्हातारी आहे."

मी गावातच राहिले. सहकारी शेतीवर दूध काढायला लागले आणि तिथल्याच ट्रॅक्टरवाल्या किटोशी लग्न केलं. किटो अस्सल वेंडी. त्याला सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये द्यायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, तुझ्या आईची भाषा आहे ही!"

"म्हणून तर," तो म्हणाला. "आई मेली."

आम्हाला मूलबाळ झालं नाही. मावशी शेवटपर्यंत आमच्याजवळ होती. ती गेली तेव्हा तिला वेंडीत निरोप देणारा पाद्री उरला नव्हता. नवा तरुण पाद्री भला माणूस, पण थडग्यापाशी जर्मनमध्ये बोलला. सगळं आटोपलं तशी मी पुढे झाले आणि वेंडीत 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना म्हणाले, मोठ्यानं, शेवटपर्यंत. दोनचार म्हाताऱ्यांचे ओठ हलले. पावलिना समोर उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

मग एकेक करून त्या म्हाताऱ्याही गेल्या. बर्लिनची भिंत पडली, सहकारी शेती मोडली, तरुण पोरं पश्चिमेला गेली. किटो गेला. कुणाच्या घराला कुलूप लागलं, कुणाचं घर बर्लिनच्या डॉक्टरनं विकत घेतलं. आणि याच वर्षांत लोकांना वेंडीचं प्रेम आलं. एका वसंतात एक तरुण मुलगा आवाज मुद्रित करायचं यंत्र घेऊन माझ्या दारात आला. जुन्या बोलीचे नमुने गोळा करत होता. मी त्याला बटाटे, चक्का आणि जवसाचं तेल वाढलं आणि बोलत सुटले. इतक्या वर्षांचं तुंबलेलं पाणी. त्याचे डोळे चमकत होते. "हे रूप तर आम्ही फक्त वाचलं होतं!" असं म्हणायचा. शेवटी त्यानं विचारलं, "आणि माहेरचं आडनाव?"

"शोल्त्स."

"म्हणजे इथलंच...?"

"नाही रे. सायलेसियातलं. निर्वासित."

यंत्र फिरत होतं. त्यानं ते बंद केलं. चांगला होता मुलगा, लाजला. म्हणाला, "आम्हाला मूळ बोलणारे हवे असतात, आजी. जन्मानं." मी म्हटलं, "बरोबर आहे बाबा." जाताना त्यानं दोनदा आभार मानले. तो गेल्यावर मी त्याचं ताट धुतलं. मग मला असं झालं की आपण एवढी वर्षं कुणाच्या तरी घरात राहतोय, आणि आज मालकानं येऊन विचारलं, तुम्ही कोण?

त्यानंतर मी भाषा घरात बोलणं सोडलं. बोलणार तरी कुणाशी? मांजराशी जर्मनही चालतं.

बरीच वर्षं गेली. एका नोव्हेंबरात, दुपारी मी सरपण आत घेत होते, तर फाटकाशी गाडी थांबली. टॉर्स्टेन उतरला. डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेलं. मी त्याला चालण्यावरून ओळखलं. तो वोर्शामावशीसारखा चालतो, एक खांदा पुढे काढून.

"रोझाबाई, तुमच्याकडे जरा काम होतं." तो बसेना. "आईला झटका आलाय. मेंदूचा. उजवी बाजू गेली."

"अरे देवा. शुद्धीवर आहे?"

"आहे. पण बोलणं गेलं. म्हणजे, बोलते, पण नुसतं बडबडल्यासारखं. डॉक्टर म्हणतात शब्द विस्कटलेत, वेळ लागेल. पण मला वाटतं..." तो जोड्याच्या टोकानं माती उकरायला लागला. "मला वाटतं, त्यातला एक शब्द आजी म्हणायची. मला खात्री नाही. तुम्ही याल?"

मी हात धुतले आणि गाडीत बसले.

इस्पितळाच्या खोलीत तीन खाटा होत्या. पावलिना खिडकीशी, उशांना टेकून. मी तिला वीसेक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं ती ओळखणार नाही. तिनं अर्धं तोंड वाकडं करून माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ वेंडीत, आमच्या गावच्या वेंडीत, म्हणाली, "तू. तूच येणार. आणखी कोण येणार!"

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"कशी आहेस?" मी वेंडीत विचारलं.

"कशी दिसते? या बाईला सांग, कॉफीत साखर घालू नको. आणि वारा लागतोय माझ्या मानेला. चार दिवस ओरडतेय, सगळे बहिरे आहेत का इथं?"

मी नर्सला सांगितलं. नर्स बिचारी धावतच खिडकीकडे गेली. टॉर्स्टेन भिंतीला टेकून उभा होता.

"ती बोलतेय?" तो म्हणाला. "ही भाषा आहे?"

"ही तुझ्या आजीची भाषा आहे. जर्मन गेलं तिचं. खालचं राहिलं."

"पण तिला ही येतच नव्हती! ती म्हणायची, मला नाही येत."

तो आईच्या पायाशी बसला आणि तिचा हात हातात घेतला. ती त्याला काहीतरी बोलली, पुन्हा बोलली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती म्हणते, तू नीट जेवत नाहीस." पन्नाशीचा माणूस, तिथंच रडायला लागला.

मग मी नेमानं तिच्याकडे जायला लागले. तिला पुढे म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात हलवलं, तिथंही. जमेल तेव्हा सकाळच्या बसनं जायचं, दुपारच्या बसनं परत. पहिले काही दिवस मी दुभाषी होते. डॉक्टर विचारायचे, मी सांगायची. मग विचारण्यासारखं कमी झालं आणि आम्ही दोघीच उरलो. आणि दोघी उरलो की पावलिना भांडायची.

"तू माझी आई घेतलीस," एक दिवस ती म्हणाली. नुसतं म्हणाली, जसं कुणी म्हणावं की पाऊस येणार आहे.

"मी घेतली? तू टाकून गेलीस."

"मी टाकली नाही. ती माझ्या लग्नाला आली नाही."

"तू तिला म्हणालीस, टोपीत येऊ नकोस. मी खिडकीतून ऐकलंय."

"अर्धं ऐकलंस. नेहमीसारखं." तिचा डावा हात पांघरुणावर फिरत राहिला. "मी तिच्यासाठी पोशाख शिवला होता. राखाडी लोकरीचा. गिरणीतून सुटल्यावर, रोज थोडा थोडा. बटणं काळी, खरी शिंगाची. तिच्या खाटेवर ठेवून आले. चर्चच्या दारात उभी राहिले मी, रोझा. वेर्नरचा बाप घड्याळ दाखवत होता. मी म्हटलं, थांबा, माझी आई यायचीय."

मला ते कापड आठवायला लागलं होतं.

"मग त्या नाताळला मी घरी आले," ती म्हणाली. "दार तू उघडलंस. तुझ्या अंगात तो होता. उसवून, कापून, तुझ्या मापाचा केलेला. शाळेचा झगा. माझी शिंगाची बटणं पुढून."

मला सगळं आठवलं. मावशीनं त्या शरदात मला तो झगा शिवून दिला होता. कापड कुठून आणलं असं मी विचारलंही नव्हतं. नवीन झगा मिळाल्यावर कुठली पोर विचारते? आणि त्या नाताळला पावलिना न जेवताच परत गेली होती. मावशी म्हणाली होती, तिची गाडी लवकर आहे.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"तुला कुठून माहीत असणार. तू बारा वर्षांची होतीस." तिनं नजर छताकडे वळवली. "पण मी तुझ्यावरच रागावले. आईवर कसं रागवायचं? ती तर समजायचीच नाही काही."

"ती सगळं समजायची."

"माहीत आहे."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेत होतं. भांडी वाजत होती. मला माफी मागावी की काय कळेना, आणि मागायची तर कशाची? शेवटी मी खरं तेच बोलले.

"फार टोचायचा ग तो."

पावलिनानं माझ्याकडे पाहिलं. मग तिचं अर्धं तोंड हललं. "टोचणारच. स्वस्तातली लोकर होती," म्हणाली, आणि हसायला लागली. तिला नीट हसता येत नव्हतं, लाळ गळत होती. मी पुसत होते आणि मीही हसत होते. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघत राहिली. तिला काय कळणार? जगात तेव्हा आमच्या गावची वेंडी बोलणारी दोनच माणसं होती, आणि ती एका झग्यावरून हसत होती.

तो हिवाळा माझा बरा गेला. हे म्हणणं वाईट दिसतं, ती तिथं खिळून पडलेली आणि मी म्हणते बरा गेला. पण सकाळी बसमध्ये बसले की आज तिला काय सांगायचं ते मी मनात जुळवत जायची. कुणाच्या घराला नवं छप्पर केलं, कुठला चर बुजला. ती मला मावशीच्या तरुणपणीचं सांगायची, मला ठाऊक नसलेलं. भांडणंही झाली. बकव्हीटच्या लापशीत मावशी दूध आधी घालायची की मागून, यावरून आम्ही एक अख्खी सकाळ भांडलो. भांडायला तरी माणूस होतं.

मार्चमध्ये तिला दुसरा झटका आला. टॉर्स्टेनचा फोन आला तेव्हा मी बससाठी कोट चढवत होते. त्यानं पुढचं सांगायच्या आधीच मी कोट काढून खुंटीला लावला.

तिला कॉटबुसलाच, वेर्नरच्या शेजारी पुरलं. दगडावर 'पाउला' लिहिलं. तिचं तेच नाव होतं, तिनं निवडलेलं.

मग एका रविवारी टॉर्स्टेन माझ्याकडे आला. केक आणला होता. कॉफी झाल्यावर म्हणाला, "मला थोडं शिकवा. जास्त नको. मला नुसतं कळायला हवं की ती कशी बोलायची." चार-पाच रविवार आला. जीभ जड, कान त्याहून जड. पण जिद्दीचा. त्याला 'कशी आहेस' आलं, 'आज काय रांधलंस' आलं, 'मी टॉर्स्टेन, पावलिनाचा' आलं. हे शेवटचं तो फार सांभाळून म्हणायचा, अंडं हातात धरल्यासारखं. मग त्याला हांबुर्गला काम मिळालं. जावं लागलं. इथं कुठलं काम राहिलंय?

आता तो रविवारी फोन करतो. आधी जर्मनमध्ये, हवा कशी, गुडघा कसा. मग जरा थांबतो, घसा साफ करतो आणि वेंडीत विचारतो, "मावशी, आज काय रांधलंस?"

मी सांगते. पावट्यांचं सूप केलं असेल तर पावट्यांचं. मग पावटे कुठून आणले ते, मग ज्याच्याकडून आणले त्याच्या बापाचं, मग त्या बापाची बोट उन्हाळ्यात चरात कशी उलटली होती ते. त्याला त्यातलं काही कळत नाही. मधे कुठंतरी त्याला एखादा शब्द सापडतो, मग तो "हं" म्हणतो. मी बोलत राहते. तो फोन ठेवत नाही. मी दमून गप्प झाले की तो म्हणतो, "बरं, मावशी," आणि मग आम्ही दोघं ठेवतो.